गृहबांधणीतील पोलाद : धडगाव परिसर

महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुका व त्याचे मुख्य ठिकाण धडगाव येथील घरबांधणीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मोठा पालट होत गेला. सागवान, बांबू, गवत व मातीची कौले यांची जागा पोलादी पत्रा, सळई व नळी यांनी क्रमाक्रमाने घेतली. पोलाद मजबूत असते, त्याला वाळवी लागत नाही व ते वितळवून पुन:पुन्हा वापरता येते. यामुळे आधुनिक स्थापत्यात त्याची गणना शाश्वत बांधकामद्रव्यांत केली जाते. तथापि टिकाऊ व शाश्वत हे दोन शब्द समानार्थी नव्हेत. द्रव्य किती वर्षे टिकते हा पहिल्या शब्दाचा विषय होय. ते कोठून येते, तयार होताना काय खर्ची पडते, मोडल्यावर त्याचे काय होते आणि वापरणाऱ्याला ते दुरुस्त करता येते किंवा नाही, हे प्रश्न दुसऱ्या शब्दात अंतर्भूत होतात. धडगाव परिसराचा इतिहास या भेदाचे चांगले उदाहरण आहे. कारण येथे पोलादाने ज्या घराची जागा घेतली, ते घर स्वत:च उकलून पुन्हा उभारता येणारे होते.

प्रदेश व लोक : अक्राणी तालुका सातपुडा पर्वतरांगांत वसला असून त्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा नदी वाहते. महाराष्ट्राच्या सीमेवर नर्मदेचा प्रवाह सु. ५४ किमी. आहे. तोरणमाळ हे थंड हवेचे ठिकाण याच तालुक्यात आहे. पूर्वी हा प्रदेश खानदेशात व पुढे धुळे जिल्ह्यात मोडत असे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. तालुक्याच्या लोकसंख्येत भिल्ल, पावरा इ. अनुसूचित जमातींचे लोक नऊ-दशांशांहून अधिक आहेत. गावे एकत्रित वसलेली नसून डोंगरउतारांवर विखुरलेल्या पाड्यांची बनलेली असतात. प्रत्येक घर आपापल्या शेताजवळ असते व दोन घरांत पुष्कळ अंतर असते. चांदसैलीसारखे घाट पावसाळ्यात दरडी कोसळून बंद पडतात. त्यामुळे बाहेरून आणावयाच्या कोणत्याही मालाची किंमत वाहतुकीवर बरीच अवलंबून असते आणि अनेक पाड्यांवर शेवटचा टप्पा माणसाच्या डोक्यावरून किंवा खांद्यावरूनच पार पडतो. घरबांधणीच्या द्रव्यांचा विचार करताना ही परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते.

पारंपरिक घर : या भागातील जुने घर लाकडी सांगाड्याचे असे. जमिनीत पुरलेल्या खांबांवर तुळया, त्यांवर आढे व आढ्यापासून उतरणारे वासे अशी त्याची रचना होती. खांबांसाठी साग व अंजन यांसारखी कठीण लाकडे वापरीत. भिंती भार वाहत नसत. त्या बांबूच्या कामट्या विणून केलेल्या कुडाच्या असून त्यांना शेणमातीचा लेप देत. छपरावर गवत किंवा स्थानिक मातीची भाजलेली नळीची कौले असत. घर प्रशस्त असे. माणसे, गुरे, धान्याच्या कणग्या व चारा या सर्वांची सोय एकाच छपराखाली होई. सांधे मुख्यत: खाचा पाडून व वेलींनी किंवा सालींच्या दोरांनी बांधून जुळवीत. लोखंडाचा उपयोग घरात थोडा व घर घडविणाऱ्या कुऱ्हाड, वाकस, पटाशी या हत्यारांत अधिक होता.

या रचनेचे वैशिष्ट्य म्हणजे तिचे सर्व भाग सुटे करता येत. कुजलेला वासा बदलता येई, कूड नव्याने विणता येई आणि छपराची दरवर्षी शाकारणी होई. पाडा हलवावा लागला किंवा भाऊ वेगळे झाले, तर खांब-तुळया उतरवून दुसऱ्या जागी पुन्हा उभ्या करीत. चांगला सागवानी खांब अशा रीतीने एकाहून अधिक पिढ्यांच्या घरांना आधार देई. घर उभारणीच्या वेळी शेजारपाजारचे लोक मजुरी न घेता कामाला येत व घरधनी त्यांना जेवण देई. नर्मदाकाठच्या आदिवासी वस्त्यांत श्रमाच्या या देवघेवीला ‘लाह’ म्हणतात. म्हणजे सामग्री, कौशल्य व श्रम ही तिन्ही परिसरातच उपलब्ध होती.

या व्यवस्थेच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. गवताच्या छपराला आगीचा धोका असे व ते काही वर्षांतच बदलावे लागे. जमिनीत पुरलेला खांबाचा भाग ओलीने व वाळवीने खराब होई. शाकारणीला दरवर्षी श्रम पडत. मुख्य म्हणजे ही व्यवस्था मुबलक जंगलावर अवलंबून होती.

वनकायदे व लाकडाची टंचाई : १८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव व संरक्षित वनांची विभागणी करून वनांवरील शासकीय नियंत्रण दृढ केले, १९२७ च्या अधिनियमाने तीच चौकट पुढे चालू ठेवली. सागवान हे व्यापारी व रेल्वेच्या दृष्टीने मौल्यवान असल्यामुळे त्याच्या तोडीवर विशेष निर्बंध आले. ठेकेदारीची तोड, वाढती लोकसंख्या व शेतीसाठी झालेली सफाई यांमुळे सातपुड्यातील मोठी झाडे विरळ होत गेली. १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाने वनजमिनीच्या अन्य वापरावर केंद्र शासनाच्या पूर्वसंमतीचे बंधन घातले. घरासाठी लागणारे लाकूड, जे पूर्वी वहिवाटीने मिळत होते, ते परवान्याचा किंवा गुन्ह्याचा विषय बनले. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांचे वनहक्क मान्य करणारा अधिनियम २००६ मध्ये संमत झाला. त्यात गौण वनोपजांवरील हक्क मान्य करताना बांबूचा समावेश गौण वनोपजांत करण्यात आला; इमारती लाकूड मात्र त्यात येत नाही. पोलादाच्या प्रसाराची ही पार्श्वभूमी होय. पत्रा स्वस्त व सोयीचा होता म्हणून तो आला हे खरे. परंतु लाकडाची वाट अरुंद झाली होती, हेही तितकेच खरे आहे.

लोखंडापासून पोलादापर्यंत : महाराष्ट्रात लोखंडाची परंपरा फार जुनी आहे. विदर्भातील टाकळघाट-खापा, माहूरझरी व नायकुंड या महापाषाणयुगीन स्थळी लोखंडी वस्तू मोठ्या प्रमाणावर मिळाल्या असून नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली आहे. बांधकामात मात्र लोखंडाचा वापर दीर्घकाळ अपवादात्मक राहिला. दिल्लीजवळचा इ. स. ४०० च्या सुमाराचा लोहस्तंभ व कोणार्क येथील तेराव्या शतकातील सूर्यमंदिराच्या लोखंडी तुळया ही त्याची ठळक उदाहरणे होत. लोहस्तंभातील फॉस्फरसाच्या अधिक प्रमाणामुळे पृष्ठावर संरक्षक थर तयार होऊन त्याचा गंजण्यापासून बचाव झाला, असे संशोधकांचे मत आहे.

इमारतीसाठी लोखंड सर्रास वापरण्याची कल्पना औद्योगिक क्रांतीतून आली. इंग्लंडमधील कोलब्रुकडेल येथे १७७९ मध्ये ओतीव लोखंडाचा पूल उभारण्यात आला. हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ मध्ये पन्हळी पत्र्याचे एकस्व मिळविले. सपाट पत्र्याला पन्हळी पाडल्याने तो न वाकता बरेच अंतर पेलू शकतो, हे त्याचे तत्त्व होते. १८३७ मध्ये स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून त्यावर लेप देण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. या दोन शोधांच्या संयोगातून आजचा जस्तलेपित पन्हळी पत्रा निर्माण झाला. हेन्री बेसेमर याच्या १८५६ मधील पद्धतीमुळे पोलाद स्वस्त झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पत्रे, तुळया व रूळ यांत घडीव लोखंडाची जागा पोलादाने घेतली.

सुट्या भागांची जुळणी हे लोखंडी बांधकामाचे आरंभापासूनचे वैशिष्ट्य होते. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये प्रदर्शनासाठी उभारलेला काच व लोखंड यांचा क्रिस्टल पॅलेस नंतर उकलून सिडनम येथे वाढीव स्वरूपात पुन्हा उभारण्यात आला. मुंबईतील वॉटसन हॉटेलचा (पुढे एस्प्लनेड मॅन्शन) ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणला व १८६० नंतरच्या दशकात येथे जुळविला. ज्या नर्मदेच्या काठी धडगावचे पाडे आहेत, तिच्याच मुखाजवळ भरूच येथे १८८१ मध्ये लोखंडी रेल्वेपूल पूर्ण झाला; तो गोल्डन ब्रिज या नावाने ओळखला जातो. १९०० च्या सुमारास सुरत-भुसावळ हा तापी खोऱ्यातील लोहमार्ग नंदुरबारवरून गेला आणि लोखंडी माल सातपुड्याच्या पायथ्याजवळ पोहोचण्याची वाट मोकळी झाली. डोंगरात तो पोहोचण्यास मात्र आणखी अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

भारतीय पोलाद उद्योगाच्या स्थापनेशी महाराष्ट्राचा निकटचा संबंध आहे. चांदा (सध्याचा चंद्रपूर) जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजासंबंधीचा अहवाल १८८२ मध्ये वाचून जमशेटजी टाटा यांच्या मनात पोलाद कारखान्याची कल्पना दृढ झाली. पुढे चांद्याचे सर्वेक्षण निराशाजनक ठरले. तो नाद सोडल्याचे सांगण्यासाठी दोराबजी टाटा नागपूरला गेले असता, तेथील संग्रहालयातील भूवैज्ञानिक नकाशावर दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाची खूण त्यांच्या दृष्टीस पडली. १९०४ मध्ये भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातील साठ्यांची माहिती कळविली व कारखान्याची जागा पूर्वेकडे गेली. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी १९०७ मध्ये मुंबईत झाली व साक्ची (पुढे जमशेटपूर) येथे १९१२ मध्ये पोलादाचे उत्पादन सुरू झाले. दुर्ग भागातील खनिज स्वातंत्र्यानंतर भिलाईच्या कारखान्याच्या उपयोगी पडले. २०१८ पासून पोलादाच्या उत्पादनात भारताचा जगात दुसरा क्रमांक लागतो.

धडगाव परिसरातील प्रसार : डोंगरी भागात पोलाद प्रथम सार्वजनिक इमारतींच्या रूपाने आले. शाळा, आश्रमशाळा, वनखात्याची ठाणी, दवाखाने यांना पत्र्याचे छप्पर घालण्याचा प्रघात होता. रस्ते व बाजारपेठा यांची वाढ होताच खाजगी घरांतही पत्रा शिरला. आरंभी जुन्या लाकडी सांगाड्यावर कौलांऐवजी पत्रे ठोकले जात. पुढे लाकडी वाशांऐवजी पोकळ पोलादी नळ्या आल्या. १९८५-८६ मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना, २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) व आदिवासींसाठीची राज्याची शबरी घरकुल योजना यांमुळे विटा, सिमेंट व सळया यांचे पक्के घर ही प्रतिष्ठित घराची व्याख्या बनली. २०१६ च्या योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौ.मी. ठरविण्यात आले. गुरे, चारा व धान्य यांसह नांदणाऱ्या कुटुंबाला एवढी जागा अपुरी पडते. त्यामुळे अशा घराला लागून लाकूड, बांबू व पत्रा यांचा ओसरा किंवा गोठा जोडण्याची रीत आढळते.

पत्र्याची लोकप्रियता समजण्यासारखी आहे. अर्धा मिमी. जाडीच्या सपाट पोलादी पत्र्याचे वजन दर चौ.मी.ला सु. ४ किग्रॅ. भरते, कौलांचे वजन त्याच्या अनेकपट असते. हलक्या छपराला बारीक वासे पुरतात, म्हणजे लाकूड कमी लागते. पत्रे काही तासांत बसविता येतात, त्यांना आग लागत नाही आणि वार्षिक शाकारणीचे श्रम वाचतात. ज्या कुटुंबातील माणसे मजुरीसाठी वर्षातील काही महिने गुजरातेत किंवा पठारावर जातात, त्यांना ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते.

धरण व विस्थापन : धडगाव परिसराचा पोलादाशी आलेला सर्वांत दूरगामी संबंध घराच्या छपरातून नव्हे, तर धरणाच्या दरवाजांतून आला. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाच्या १९७९ च्या अंतिम निवाड्याने गुजरातेतील सरदार सरोवर धरणाची पूर्ण जलपातळी १३८·६८ मी. ठरविली व निर्माण होणाऱ्या विजेत महाराष्ट्राला २७ टक्के वाटा दिला. त्याबरोबरच महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बुडितक्षेत्रात आली. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली येथे १९९३ च्या पावसाळ्यात पाणी शिरले. अक्राणी तालुक्यातील डोमखेडी, निमगव्हाण इ. गावांनाही पुढे बुडिताला तोंड द्यावे लागले. पुनर्वसनापूर्वी बुडित येऊ नये या मागणीसाठी नर्मदा बचाव आंदोलनाने येथे दीर्घकाळ लढा दिला.

धरणाचे काँक्रीटचे काम २००६ च्या अखेरीस १२१·९२ मी. उंचीपर्यंत पोहोचले. त्यावरील सु. १६·८ मी. उंची ही पोलादी दरवाजांची आहे. ३० वक्राकार दरवाजे प्रत्येकी सु. १८·३ मी. रुंद असून त्यांपैकी २३ सु. १६·८ मी. व ७ सु. १८·३ मी. उंच आहेत. ते बसविण्यास जून २०१४ मध्ये अनुमती मिळाली. जून २०१७ मध्ये ते बंद करण्यास परवानगी देण्यात आली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत भरला.

या काळात जुन्या घराचा एक गुण कसोटीला उतरला. स्थलांतर करणाऱ्या अनेक कुटुंबांनी आपली घरे उकलून खांब, तुळया, दारे व कौले बरोबर नेली व तळोदा तालुक्यातील सोमावल, रोझवा यांसारख्या नव्या वसाहतींत ती पुन्हा वापरली. ज्यांनी गाव सोडले नाही, त्यांनी पाण्याच्या रेषेवर डोंगरात पुन्हा घरे उभारली. याउलट गुजरातमधील काही पुनर्वसन वसाहतींत तात्पुरता निवारा म्हणून पत्र्याच्या भिंती व छपरे असलेल्या खोल्या देण्यात आल्या. उन्हाळ्यात त्या अतिशय तापत. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीच्या १९९२ च्या अहवालानेही पुनर्वसनाच्या एकंदर स्थितीवर कठोर टीका केली. या खोल्यांचे पोलाद सदोष नव्हते. द्रव्याची निवड करताना राहणाऱ्यांचे हवामान, गुरेढोरे व सवयी विचारात घेतल्या गेल्या नव्हत्या, हा दोष होता. नर्मदाकाठच्या अनेकांच्या मनात पत्र्याची खोली ही पक्क्या घराची नव्हे, तर घर गमावल्याची खूण ठरली, याचे कारण येथे सापडते.

शाश्वततेचा हिशेब : लोहखनिजापासून झोतभट्टीच्या मार्गाने पोलाद तयार करताना दगडी कोळशाचा कोक वापरला जातो. खनिजातील ऑक्सिजन कोकमधील कार्बनाशी संयोग पावतो व कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. जगाच्या एकूण कार्बन डाय-ऑक्साइड उत्सर्जनात पोलाद उद्योगाचा वाटा सु. ७ ते ८ टक्के आहे. एक टन पोलादामागे जगाची सरासरी दोन टनांच्या किंचित खाली, तर भारताची सु. २·५ टन आहे. भारत शासनाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या निश्चित केली. तीनुसार टनामागे २·२ टनांहून कमी उत्सर्जन असणारे पोलाद हरित समजले जाते व उत्सर्जन जितके कमी तितकी त्याची श्रेणी वरची असते.

हा हिशेब एका घरापुरता मांडल्यास त्याचे स्वरूप स्पष्ट होते. २५ चौ.मी.च्या घराला वळचणीसह सु. ४० चौ.मी. छप्पर लागते. पन्हळी व एकमेकांवर येणाऱ्या कडा धरून अर्धा मिमी. जाडीचा पत्रा सु. १९० किग्रॅ. होईल आणि भारतीय सरासरीने त्यामागे जवळजवळ अर्धा टन कार्बन डाय-ऑक्साइड सोडला गेला असेल. लाकडाची गोष्ट उलट आहे. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सु. निम्मा भाग कार्बन असतो. म्हणून एक घ.मी. सागवानात झाडाने हवेतून घेतलेला सु. १·१ टन कार्बन डाय-ऑक्साइड साठलेला असतो. परंतु तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे वाढण्यास अनेक दशके लागतात. ती वाढू दिली नाहीत, तर लाकडाचा हा लाभ कागदावरच राहतो.

पोलादाची खरी जमेची बाजू पुनर्वापरात आहे. गुणधर्म न गमावता ते पुन:पुन्हा वितळविता येते, चुंबकाने ते इतर कचऱ्यातून सहज वेगळे होते आणि मोडीलाही किंमत येत असल्यामुळे ते सहसा टाकून दिले जात नाही. मोडीपासून विद्युत् भट्टीत पोलाद केल्यास खनिजापासून करण्याच्या मानाने ऊर्जा व उत्सर्जन दोन्ही पुष्कळ कमी होतात; मात्र ती वीज कशापासून निर्माण झाली यावर अंतिम हिशेब अवलंबून असतो. महाराष्ट्रात जालना हे मोडीपासून सळया तयार करणाऱ्या कारखान्यांचे मोठे केंद्र आहे. मुंबईचा दारूखाना व गुजरातेतील अलंग येथे जहाजे मोडून निघालेले पोलाद अशाच कारखान्यांकडे जाते. केंद्र शासनाने २०१९ मध्ये पोलादी मोडीच्या पुनर्वापरासाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. धडगावच्या आठवडे बाजारातून भंगारवाल्याकडे गेलेला जुना पत्राही या साखळीतील एक दुवा असतो.

तथापि पोलादाचे सर्वच प्रकार या चक्रात सारख्या सहजतेने परत येत नाहीत. सलोह काँक्रीटमधील सळई हे त्याचे उदाहरण होय. काँक्रीटमधील अल्कधर्मामुळे सळईचे गंजण्यापासून रक्षण होते. काँक्रीट सच्छिद्र राहिले किंवा सळईवरील आच्छादन कमी पडले, तर हवा व ओल आत जाऊन सळई गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून अधिक असल्याने काँक्रीटला तडे जातात. सळई काढून घ्यावयाची, तर इमारत फोडावी लागते आणि दुर्गम पाड्यावर ते काम खर्चाच्या मानाने परवडत नाही. लाकडी सांगाड्याप्रमाणे असे घर हलवता येत नाही. त्याची दुरुस्तीही गावातील सुताराच्या आवाक्यात राहत नाही. बोल्टने जुळविलेला पोलादी सांगाडा मात्र उकलता येतो. म्हणजे एकच द्रव्य एका पद्धतीने वापरल्यास घर कायमचे जखडते व दुसऱ्या पद्धतीने वापरल्यास ते जुन्या घरासारखे सुटे राहते.

हवामान व भूकंप : पोलादाची उष्णतावाहकता लाकडाच्या सु. ३०० पट आहे. पातळ पत्रा उन्हात लवकर तापतो व रात्री लवकर निवतो. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी घरात बसणे कठीण होते आणि हिवाळ्यात पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने दव ठिबकते. पावसाळ्यात त्यावर होणारा आवाज हीदेखील नित्याची तक्रार आहे. यावर उपाय साधे आहेत. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचे आढे-छत करून दोहोंमध्ये हवा खेळती ठेवणे, पत्र्यावर पांढरा लेप देणे, आढ्याशी हवा बाहेर जाण्यास फट ठेवणे व वळचण रुंद करणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. जस्तलेपाची जाडीही महत्त्वाची आहे. भारतीय मानकात दर चौ.मी.ला दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅ. जस्त असावे, त्यानुसार पत्र्याच्या प्रती ठरविल्या आहेत. हलक्या लेपाचा स्वस्त पत्रा खिळ्यांच्या भोकांपासून व कापलेल्या कडांपासून गंजू लागतो. भोके पन्हळीच्या उंचवट्यावर पाडून चकतीसह स्क्रू बसविल्यास त्याचे आयुष्य वाढते. वादळी वाऱ्यात हलका पत्रा उडू नये म्हणून तो सांगाड्याला आणि सांगाडा जमिनीला नीट बांधणे आवश्यक असते. जड कौलांच्या छपराला ही काळजी कमी लागत असे.

भूकंपाच्या दृष्टीने हलकेपणा हितकारक ठरतो. नर्मदा-तापी पट्टा भूकंपप्रवण असून १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात ६ हून अधिक परिमाणाचा भूकंप झाला होता. २००२ च्या भूकंपविभाग नकाशात हा भाग तिसऱ्या विभागात दाखविला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व मातीची जड धाबी कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. कुडाच्या भिंती व खांबांचा सांगाडा असलेले सातपुड्यातील घर अशा प्रसंगी अधिक सुरक्षित असते, कारण ते हलके व लवचिक असते. तेथे विटांच्या भिंती उभारावयाच्या झाल्यास सळईयुक्त पट्टे घालणे अगत्याचे ठरते. पोलादाचा येथील उपयोग केवळ सोयीचा नसून जीविताच्या रक्षणाचा आहे.

मूल्यमापन : धडगाव परिसरात पोलाद आता परके राहिलेले नाही व पूर्ण लाकडी घराकडे परत जाणे जंगलाच्या दृष्टीनेही शक्य नाही. म्हणून प्रश्न लाकूड की पोलाद असा नसून कोणत्या कामाला कोणते द्रव्य, असा आहे. जमिनीतील ओल व वाळवी यांच्याशी जेथे संबंध येतो तेथे पोलादी किंवा काँक्रीटची बैठक, जेथे मोठे अंतर पेलावयाचे आहे तेथे बोल्टने जोडलेल्या पोलादी नळ्या, भिंतींना कूड व मातीचा लेप आणि छपराखाली बांबूचे आच्छादन, अशी संमिश्र रचना या प्रदेशाला मानवण्याजोगी आहे. २०१७ मध्ये वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर वाढविलेला बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला. त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू तोडणे व वाहून नेणे सुकर झाले आहे. जोडकाम व पत्रा बसविणे ही कौशल्ये स्थानिक तरुणांना अवगत झाल्यास दुरुस्तीसाठी शहराकडे पाहावे लागणार नाही.

सातपुड्यातील जुन्या घराने शाश्वततेची एक कसोटी घालून दिली आहे : राहणाऱ्याला आपले घर स्वत: दुरुस्त करता यावे, गरज पडल्यास उकलता यावे आणि त्यातील बहुतेक सामग्री पुढच्या घराच्या कामी यावी. पोलाद या कसोटीस उतरण्यास स्वभावत: समर्थ आहे. ते तसे उतरेल किंवा नाही, हे भट्टीत ठरते त्याहून अधिक घराच्या आराखड्यात व तो आराखडा कोणाला विचारून केला यावर ठरते.